हाय खाल्लेलं काळीज

आपल्याकडे माणूस अचानक गेला की मातीला जमलेल्या लोकांत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, 'पोराच्या जाण्याचा धसका घेतला.' दुसरं, 'दोन वर्षं पीक हाती लागलं नाही, तेव्हापासून हाय खाल्ली होती त्यानं.' औंढा नागनाथच्या बाजारात, नागनाथाच्या देवळाच्या ओट्यावर किंवा हिंगोलीला जाणाऱ्या एसटीत ही वाक्यं कुणालाही खटकत नाहीत. ऐकणारा मान हलवतो, कारण दोन्हींतला फरक त्याला न सांगता कळलेला असतो. धसका एका क्षणात बसतो. हाय महिनोन्‌महिने माणसाला आतून खात राहते.

हृदयरोगाच्या शास्त्राला हाच फरक नीट मांडायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली. मन खचल्यानं हृदय खचतं का? हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला माणूस उदास राहिला तर तो लवकर मरतो का? आणि उदासीवर उपचार केले तर तो वाचतो का? तिन्ही प्रश्न एकाच धाग्यातले वाटतात, पण त्यांची उत्तरं वेगवेगळी आहेत. तिसऱ्याचं उत्तर तर आपल्याला हवं तसं अजून मिळालेलं नाही. तरीही आज हाताशी आहे तेवढ्या माहितीवर औंढ्यासारख्या तालुक्यात बरंच काही करता येईल, असं माझं मत आहे.

आधी धसक्याचं पाहू. 1990 च्या सुमारास हिरोशिमाच्या डॉक्टरांनी काही रुग्णांचं वर्णन केलं. छातीत कळ, ईसीजी झटक्यासारखा, पण रक्तवाहिन्या मोकळ्या. हृदयाचा डावा कप्पा मात्र टोकाशी फुगलेला, जपानी कोळ्यांच्या ऑक्टोपस धरायच्या मडक्यासारखा. त्या मडक्याचं नाव ताकोत्सुबो, तेच या आजाराला मिळालं. हे रुग्ण बहुतेक पाळी गेलेल्या वयाच्या बायका असतात. अनेकदा आधी एखादा मोठा आघात झालेला असतो, आणि पहिले दिवस निभावले तर काही आठवड्यांत हृदय बहुधा पूर्ववत होतं. खरा, रक्तवाहिनी बंद पडून येणारा झटकाही दुःखाच्या पाठोपाठ येऊ शकतो. 2012 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जवळचं माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत झटक्याचा धोका एरवीच्या सुमारे 21 पट आढळला. तो पुढच्या दिवसांत भराभर उतरतो. म्हणून मौतीच्या घरी आधीच हृदयाचा त्रास असलेल्या माणसाची गोळी चुकू न देणं हे सोपं पण मोलाचं काम आहे. पाहुण्यांच्या गर्दीत नेमकं तेच राहून जातं.

हाय मात्र मोजायला अवघड. 1937 साली न्यूयॉर्क राज्यातल्या मनोरुग्णालयांच्या नोंदी चाळताना बेंजामिन माल्झबर्ग यांना दिसलं की खोल उदासीचे रुग्ण हृदयविकारानं इतरांपेक्षा बरेच जास्त मरतात. पुढची अनेक दशकं या नोंदीकडे फार कुणी वळून पाहिलं नाही. चित्र पालटलं ते 1993 मध्ये. कॅनडातल्या माँट्रियल हार्ट इन्स्टिट्यूटच्या नॅन्सी फ्रेझर-स्मिथ आणि सहकाऱ्यांनी झटक्यातून वाचलेल्या 222 रुग्णांशी रुग्णालयातच बोलून कोण नैराश्यात आहे हे ठरवलं आणि सहा महिने वाट पाहिली. नैराश्यात 35 जण होते. त्यांच्यातले सुमारे 17 टक्के सहा महिन्यांत गेले, उरलेल्यांतले 3 टक्के. हृदय किती दुबळं झालं होतं, आधी झटका आला होता का, हे सगळं हिशेबात धरूनही धोका चौपटीच्या आसपास राहिला.

अभ्यास लहान होता, मृत्यू अवघे बारा. इतक्या लहान आकड्यांवरचा निष्कर्ष पुढे टिकत नाही, हा वैद्यकातला नेहमीचा अनुभव. हा टिकला, पण आकसून. 2004 साली डच संशोधकांनी बावीस अभ्यास एकत्र केले तेव्हा, झटक्यानंतर नैराश्य असलेल्यांत मृत्यूचं प्रमाण दुपटीहून थोडं अधिक निघालं. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या तज्ज्ञगटानं 2014 मध्ये शिफारस केली की झटक्यानंतरच्या रुग्णांत नैराश्य हा वाईट परिणामांचा धोका वाढवणारा घटक मानावा. म्हणजे साखर, रक्तदाब आणि तंबाखूच्या पंगतीत त्याला पाट मिळाला. आणि हे दुर्मीळ नाही. झटक्यानंतर साधारण पाचातला एक जण औषधोपचार लागावेत इतक्या नैराश्यात जातो. सौम्य उदासी धरली तर संख्या आणखी वाढते.

आपल्यासाठी यात एक वेगळी टोचणी आहे. बावन्न देशांत झालेल्या आणि 2004 साली प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो असं दिसलं, मधलं वय त्रेपन्न. धोक्याच्या नऊ ठळक कारणांत मानसिक ताण आणि उदासीही होती. त्रेपन्नाव्या वर्षी आपल्याकडे माणूस घरचा कर्ता असतो. मुलीचं लग्न व्हायचं असतं, पोराला नोकरी लागायची असते, सोसायटीचं कर्ज फिटायचं असतं. अशा वयात आलेला झटका छातीत थांबत नाही, अख्ख्या घरावर येतो.

आता शंकेची बाजू, कारण ती खरी आहे. दम लागणं, झोप न येणं, भूक मरणं, अंगात त्राण नसणं ही नैराश्याची लक्षणं, आणि दुबळ्या हृदयाचीही. मग उदास रुग्ण जास्त मेले ते उदासीनं की मुळातच त्यांचं हृदय जास्त बिघडलेलं होतं म्हणून? 2006 साली ब्रिटिश संशोधकांनी चोपन्न अभ्यास तपासले. हृदयाची ताकद मोजून हिशेबात धरणारे अभ्यास थोडे होते, आणि ज्यांनी ती धरली त्यांच्यात नैराश्याचा वाटा जवळजवळ निम्म्यावर आला. शून्यावर आला नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. चरकसंहितेत वातज हृद्रोगाच्या कारणांत शोक मोजलेला आहे, हे सांगून आपल्याकडे हा वाद मिटवण्याचा मोह होतो. चरकाची नजर तीक्ष्ण होती याबद्दल मला आदर आहे, पण त्यानं आजच्या रुग्णाचा प्रश्न सुटत नाही. किती, कुणाला, कशामुळे, हे मोजावंच लागतं.

कशामुळे, याची उत्तरं दोन दिशांनी आली. एक वाट शरीरातून जाते. दीर्घ उदासीत ताणाची संप्रेरकं चढी राहतात. हृदयाच्या ठोक्यांत श्वासागणिक होणारा बारीक चढउतार कमी होतो. रक्तातल्या बिंबिका लवकर चिकटतात, अंगातली सूज वाढते. यातलं प्रत्येक दिसून आलेलं आहे, पण वाढलेल्या मृत्यूंपैकी किती मृत्यू या वाटेनं होतात हे नेमकं सांगता येत नाही.

दुसरी वाट रोजच्या जगण्यातून जाते. मला ती जास्त महत्त्वाची वाटते. सॅन फ्रान्सिस्कोत हृदयधमनीच्या आजाराच्या 1,017 रुग्णांवर जवळपास पाच वर्षं लक्ष ठेवणारा 'हार्ट अँड सोल' नावाचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. उदास रुग्णांना पुन्हा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू येण्याचं प्रमाण सुरुवातीला दीडपट दिसलं. इतर आजार धरल्यावर ते उतरलं. मग संशोधकांनी व्यायाम, धूम्रपान, गोळ्या वेळेवर घेणं या सवयी हिशेबात घातल्या, आणि फरक जवळजवळ उरलाच नाही. सगळ्यात मोठा वाटा होता हालचाल थांबण्याचा.

हे वाचून मला आपल्या घरांतला नेहमीचा देखावा आठवला. तालुक्यातल्या एखाद्या गावात माणसाच्या छातीत कळ येते. आधी गॅस म्हणून सोडा पाजतात. मग कुणीतरी 108 ला फोन लावतो. औंढ्याहून हिंगोली पंचवीसएक किलोमीटर, नांदेड साठच्या पुढे. तिथं अँजिओग्राफी होते, शासनाच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून स्टेंट बसते, आणि पाच-सहा दिवसांनी माणूस गोळ्यांची पिशवी घेऊन घरी येतो. इथपर्यंत व्यवस्थेनं तिचं काम केलेलं असतं. त्यानंतर घर आपलं काम सुरू करतं. 'अण्णा, तुम्ही आता काही करायचं नाही. बसून राहायचं.' शेताकडे जायचं नाही, बैलाला हात लावायचा नाही, गावातल्या भांडणाची बातमी कानावर पडू द्यायची नाही. हळद शिजवायचे दिवस येतात, कुकर लागतो, अख्खं घर शेतात असतं, आणि अण्णा घरी बाजेवर. महिन्यापूर्वी ज्याच्याशिवाय एक निर्णय होत नव्हता त्याला कुणी काही विचारत नाही. हे सगळं मायेपोटी होतं, म्हणून त्याला तक्रारही करता येत नाही. तो बोलणं कमी करतो. जेवण गोड लागत नाही म्हणतो. पहाटे तीनला जागा होतो. तंबाखूची पुडी पुन्हा निघते. गोळ्यांची पाकिटं संपतात, आणि नवीन आणायला जायचं तर एक दिवस आणि एका माणसाचा रोज बुडतो. 'कशाला, आता बरं वाटतंय.' स्टेंट बसल्यानंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मध्येच थांबवल्या तर स्टेंटमध्येच गुठळी धरू शकते. गाव मग म्हणतं, हाय खाल्ली.

एकेकाळी डॉक्टरही हेच करत. झटक्याच्या रुग्णाला सहा-सहा आठवडे पाठीवर निजवून ठेवायचे. 1952 साली बोस्टनच्या सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन यांनी रुग्णाला लवकर खुर्चीत बसवण्याचा आग्रह धरला तेव्हा तो धाडसी समजला गेला. वैद्यक बाजेवरून उठलं, घरं अजून उठलेली नाहीत.

उपचारांचं काय? इथं आकड्यांशी प्रामाणिक राहायला हवं. 2002 मध्ये सर्ट्रालिन या नैराश्यावरच्या गोळीची 369 हृदयरुग्णांवर चाचणी झाली. गोळी हृदयाला सुरक्षित निघाली, आणि जास्त खोल नैराश्यात तिचा गुणही आला. ही मोठीच सोय होती, कारण त्याआधीच्या जुन्या ट्रायसायक्लिक गोळ्या हृदयाची लय बिघडवू शकत. पुढच्याच वर्षी सगळ्यात मोठी चाचणी आली, एनरिच्ड नावाची. 2,481 रुग्ण, त्यातल्या निम्म्यांना विचारांची सवय बदलणारं समुपदेशन, गरज पडली तर गोळ्या. उदासी कमी झाली, एकटेपणाही कमी झाला. मृत्यू आणि पुन्हा झटका मात्र दोन्ही गटांत सारखेच. 2016 साली जर्मनीत हृदय दुबळं झालेल्या रुग्णांवर एस्सिटॅलोप्रॅमची चाचणी झाली, तिथं तर उदासीवरही गोळीचा वेगळा फरक दिसला नाही. मग 2018 मध्ये दक्षिण कोरियातून आशा आली. झटक्यानंतर नैराश्यात असलेल्या 300 जणांना चोवीस आठवडे तीच गोळी किंवा रिकामी गोळी दिली होती. सुमारे आठ वर्षांनी हृदयाच्या मोठ्या घटना आणि मृत्यू मिळून पहिल्या गटात 41 टक्के, दुसऱ्यात जवळपास 54.

एका चाचणीवर मी इमारत बांधणार नाही. आज सांगता येतं ते असं: नैराश्यावर उपचार केल्यानं हृदयरुग्णाचं जगणं सुधारतं हे बऱ्यापैकी पक्कं, आयुष्य वाढतं हे अजून पक्कं नाही. पण जगणं सुधारणं याला कमी का लेखायचं? गुडघ्याच्या दुखण्यावर उपचार करताना आयुष्य किती वाढेल असं आपण विचारत नाही. नैराश्य हे स्वतःच एक दुखणं आहे. ते ओळखलं जाणं आणि त्यावर उपचार मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे, हृदयाला फायदा होवो न होवो.

वर आलेल्या औषधचाचण्यांपैकी एकही मराठवाड्यातल्या माणसांवर झालेली नाही. पण उपचार पोहोचवायचे कसे, याचं उत्तम काम आपल्या शेजारीच झालं आहे. गोव्यात विक्रम पटेल आणि 'संगाथ' या संस्थेनं दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक साधा उपचार तपासला. त्याचा निकाल 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. मानसोपचारतज्ज्ञ नाहीत, तर प्रशिक्षण दिलेली साधी माणसं. सहा ते आठ भेटी. उदासीनं माणूस जे जे करायचं सोडतो ते थोडं थोडं पुन्हा करायला लावायचं, एवढाच त्याचा गाभा. तीन महिन्यांनी 64 टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीच्या उपचारांच्या गटात 39 टक्के. मला हे वाचताना बाजेवरचे अण्णा दिसत होते. त्यांना घर जे सांगतं त्याच्या नेमका उलटा हा उपचार आहे, आणि हृदयाचा डॉक्टर सुट्टी देताना 'रोज चाला' म्हणून जे लिहून देतो त्याचाच सख्खा भाऊ.

अमरावती जिल्ह्यात तीस गावांत झालेला 'विश्राम' प्रकल्प तर कापूस-सोयाबीनच्या, कर्जाच्या, आत्महत्यांच्या मुलखातलाच, म्हणजे आपलाच. तिथं गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली. आधी नैराश्यातल्या शंभरांपैकी चार जण उपचारांपर्यंत पोहोचत होते. अठरा महिन्यांत सत्तावीस पोहोचू लागले.

हृदयाच्या बाजूनंही भारताकडे एक मोठी चाचणी आहे. योग-केअर नावाच्या या चाचणीत देशातल्या 24 रुग्णालयांतले झटक्यातून वाचलेले 3,959 रुग्ण होते. त्यांना बेताची आसनं, श्वसन आणि शिथिलीकरण शिकवलं. मृत्यू आणि झटके ठामपणे कमी झाले असं म्हणता आलं नाही, पण माणसं आपल्या आधीच्या कामांकडे जास्त परतली आणि त्यांना स्वतःला बरं वाटू लागलं. औंढ्याला महाग यंत्रं असलेलं पुनर्वसन केंद्र इतक्यात येणार नाही. योगासनांना सतरंजी पुरते.

आता मनाच्या आजारासाठीच्या सोयींचं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातली चार जुनी मनोरुग्णालयं, मराठवाड्यात त्यांतलं एकही नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे राज्यानं 2015 मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला, त्यात हिंगोली आहे. तो योग्यच होता, पण त्यामुळे नैराश्य म्हणजे फाशी नाहीतर औषधाची बाटली, असं एक समीकरण डोक्यात बसलं. नैराश्यानं हळूहळू, गोळ्या विसरत, बाजेवर बसून गेलेला माणूस त्या मोजणीत येत नाही. त्याच्या दाखल्यावर हृदयविकार लिहिलेलं असतं.

आणि आता मला सगळ्यात जास्त सांगायची असलेली गोष्ट. तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब, साखर, तंबाखू यांची विचारपूस करण्यासाठी आशाताई सी-बॅक नावाचा फॉर्म भरतात. त्याच्या सुधारित नमुन्यात शेवटी दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटेनासा झाला का? उदास, निराश वाटलं का? म्हणजे हृदय आणि मन एकाच कागदावर आधीच आलेले आहेत. अडचण कागदाच्या पुढे आहे. अमेरिकेत पंधराशे हृदयरुग्णांवर झालेल्या चाचणीत नुसती चाळणी लावल्यानं रुग्णांच्या जगण्यात काही फरक पडला नाही, असं 2019 मध्ये दिसलं. उत्तर 'हो' आलं तर पुढे काय, हे ठरलेलं नसेल तर विचारून उपयोग नाही. दहा घरं अजून बाकी असताना तुटपुंज्या मोबदल्यात फिरणाऱ्या आशाताईनं हे प्रश्न घाईत उरकले तर दोष तिचा नाही. 'नैराश्य' हा शब्दही इथं कुणाच्या तोंडात नाही. 'मन लागत नाही का? जीव घाबरा होतो का? कशात उमेद वाटते का?' असं विचारलं तर माणूस बोलतो. बाईला तिच्या सासूसमोर विचारलं तर ती बोलणार नाही. झटक्यानंतर तरुण बायकांत नैराश्य पुरुषांपेक्षा जास्त आढळतं, आणि घरात मात्र त्यांना बाजेवर बसवत नाहीत, आठ दिवसांत चुलीपुढे बसवतात.

करायचं ते फार मोठं नाही. झटक्यातून परतलेल्या रुग्णाची नोंद प्राथमिक आरोग्य केंद्राला मिळावी. पहिले सहा महिने, म्हणजे माँट्रियलच्या अभ्यासात धोका ज्या काळात दिसला तो काळ, महिन्याला एकदा त्याच्या घरी किंवा उपकेंद्रात भेट व्हावी: गोळ्या मोजायच्या, किती चालतो ते विचारायचं, आणि ते दोन प्रश्न. उत्तर चिंतेचं आलं तर समुदाय आरोग्य अधिकाऱ्यानं गोव्याच्या धर्तीवर भेटी घ्याव्यात. सुधारणा नसेल किंवा मरणाचे विचार येत असतील तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात. हे डॉक्टर गोळी देतील तेव्हा घरच्यांनी ती 'झोपेची गोळी' समजून बंद करू नये. तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगावं, कारण दोन्ही मिळून रक्तस्राव वाढू शकतो. बीटा-ब्लॉकर गोळ्यांनी उदासी येते ही जुनी भीती मात्र सोडून द्यावी. 2021 साली शेकडो चाचण्या एकत्र तपासून झाल्या, तसं आढळलं नाही.

तुमच्या घरात झटक्यातून उठलेला कुणी असेल तर आज संध्याकाळी त्याला सोबत घेऊन बांधापर्यंत, नाहीतर देवळापर्यंत चालून या. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तितकंच. वाटेत शेतातलं एखादं काम त्याला विचारा, आणि त्याचं ऐका. तो गप्पच राहिला, किंवा 'आता कशाला जगायचं' असं म्हणाला, तर ते बोलणं हवेत सोडू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक 14416 आहे. फोन मोफत लागतो, रात्री-अपरात्रीही, आणि मराठीत बोलता येतं.